गाजलेले रॉक-पॉप अल्बम आणि त्यांची दुसरी बाजू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली जवळजवळ चाळीस वर्षं मी इंग्रजी रॉक आणि पॉप ऐकते आहे. भाचरं, शेजारपाजारचे, जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणी, नुकतीच गिटार हातात घेतलेली मुलं, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. लग्नघरात किंवा जिन्यात उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने माझंच समाधान होत नाही, म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मतं माझी आहेत. ज्या अल्बमबद्दल लिहिलंय तो प्रत्येक मी पुन्हा पुन्हा ऐकलेला आहे.

अल्बम खरंच चांगला आहे की नुसता गाजलाय, हे कसं ओळखता?

दुसऱ्या बाजूवरून. एलपीला आणि कॅसेटला दोन बाजू असायच्या, एकेक साधारण वीस-बावीस मिनिटांची. रेडिओवर वाजणारी, व्हिडिओ निघालेली गाणी बहुतेक वेळा पहिल्या बाजूला असतात, कारण दुकानात आधी तीच वाजवून दाखवायची असते. दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत दाखवायचं ते दाखवून झालेलं असतं, आणि कलाकाराजवळ सांगण्यासारखं किती आहे ते तिथे कळतं.

मी डोंबिवलीत वाढले. आमच्याकडे चुलतभावाचा, दादाचा, टेपरेकॉर्डर होता. बाजू संपली की त्याचं बटण खटकन वर यायचं. मग उठायचं, झाकण उघडायचं, कॅसेट उलटी करायची. त्या क्षणी आपण उठतो का, की तीच बाजू मागे फिरवून हिट गाणं पुन्हा लावतो, ही माझ्यासाठी त्या अल्बमची परीक्षा. आता फोनवर बाजू नसतात, पण अल्बमचा उत्तरार्ध असतोच. निकष तोच लावते.

मी नवखी आहे. सुरुवात कुठून करू?

फ्लीटवुड मॅकच्या 'रूमर्स'पासून, १९७७. एकही गाणं अवघड नाही आणि शंभराव्या वेळीही नवं काहीतरी सापडतं.

हा अल्बम होत असताना बँडमधली दोन जोडपी तुटत होती. जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्ही यांचा संसार मोडला होता, लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स वेगळे झाले होते. तरी पाचहीजण रोज त्याच स्टुडिओत येत होते. 'यू मेक लव्हिंग फन' हे गाणं क्रिस्टीनने तिच्या आयुष्यात आलेल्या नव्या माणसावर लिहिलं, आणि त्यावर बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवतोय जॉन, तिचा नवरा. तो बास एकदा लक्ष देऊन ऐका. कुठेही हात आखडलेला नाही. मला त्या वाजवण्यात जो मोठेपणा ऐकू येतो तो शब्दांत धरता येत नाही.

दुसरी बाजू 'द चेन'ने उघडते. अल्बममधलं हे एकच गाणं पाचही जणांच्या नावावर आहे, कारण ते वेगवेगळ्या तुकड्यांच्या टेपा कापून जोडून तयार झालं. साधारण तीन मिनिटांनी सगळं थांबतं आणि एकटा बास वर येतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं भांडं खाली ठेवलं होतं.

एकच खंत. स्टीव्ही निक्सचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' लांबीमुळे अल्बममधून काढलं आणि 'गो युअर ओन वे'च्या सिंगलच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला टाकलं. त्याच्या जागी आलेलं 'आय डोंट वॉन्ट टू नो' गोड आहे, पण त्या जागेचं नाही.

शब्द नीट कळत नाहीत. मग कशाला ऐकायचं?

आमच्या आजीला कन्नडचा गंध नव्हता, पण मल्लिकार्जुन मन्सूरांचं 'अक्क केळव्वा' लागलं की ती निवडायचं ताट बाजूला सारायची. कळायचं ते कळतं. उरलेलं हळूहळू कळतं.

बीटल्सचा सर्वोत्तम अल्बम 'सार्जंट पेपर'च ना?

नाही. 'रिव्हॉल्व्हर', १९६६.

'सार्जंट पेपर' १९६७चा. त्याचं मुखपृष्ठ, त्याचा बँडवाल्यांचा थाट, त्याने केलेली हवा, सगळं मान्य. त्यातलं 'अ डे इन द लाइफ' या माणसांनी केलेल्या सर्वोत्तम गाण्यांपैकी एक आहे. पण 'लव्हली रीटा', 'गुड मॉर्निंग' ही गाणी तुम्ही मुद्दाम कधी लावलीत? मी लावत नाही. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' आणि 'पेनी लेन' ही त्याच सत्रांतली दोन गाणी सिंगल म्हणून आधीच बाहेर काढली आणि अल्बममध्ये घेतली नाहीत. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी पुढे ही आपली मोठी चूक होती असं कबूल केलं. ती दोन आत असती तर मी इथे वेगळं उत्तर लिहिलं असतं.

'रिव्हॉल्व्हर'मध्ये चौदा गाणी आहेत आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. 'एलिनॉर रिग्बी'त बीटल्सच्या चौघांपैकी एकानेही वाद्य वाजवलेलं नाही. चार व्हायोलिन, दोन व्हिओला, दोन चेलो, आणि वर आवाज. 'लव्ह यू टू'मध्ये तबला आहे आणि तो वाजवलाय अनिल भागवत यांनी. मुखपृष्ठाच्या मागे त्यांचं नाव छापलेलं आहे. बाहेरच्या वादकाचं नाव बीटल्सच्या अल्बमवर छापणं त्या काळी फार दुर्मीळ होतं. दादाने एलपी हातात घेऊन ते नाव मला बोट ठेवून दाखवलं होतं.

आणि दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, 'टुमॉरो नेव्हर नोज'. ते जवळजवळ सगळं एकाच स्वरसंगतीवर उभं आहे. ज्यांच्या घरात तानपुरा वाजतो त्यांना ते सांगावं लागत नाही. खाली षड्ज धरून ठेवलाय आणि वर काय काय येऊन जातंय: टेपचे उलटसुलट फिरणारे तुकडे, पक्ष्यांसारखे आवाज, ड्रमवर रिंगोचा एकच एक चालणारा ठेका. गाणाऱ्या जॉन लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा हवा होता. तेव्हा जेफ एमरिक या अवघ्या वीस वर्षांच्या तंत्रज्ञाने तो ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढून दिला. ख्याल-ध्रुपद ऐकणाऱ्या माणसाने रॉकमध्ये शिरायचं असेल तर मी हेच दार दाखवते.

लेड झेपेलिनने मुंबईत रेकॉर्डिंग केलं होतं म्हणतात. खरं का?

खरं. १९७२ साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर आलं ते २०१५मध्ये, 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत. ऐकल्यावर माझं मत असं झालं की 'फ्रेंड्स' सुंदर जमलंय, आणि 'फोर स्टिक्स'मध्ये दोन्हीकडची मंडळी एकमेकांना सांभाळून घेताहेत. मूळ 'फोर स्टिक्स' त्यांच्या १९७१च्या चौथ्या अल्बमच्या दुसऱ्या बाजूला आहे. पहिल्या बाजूच्या 'स्टेअरवे टू हेवन'वर थांबणारे खूप भेटतात. त्यांनी कृपा करून पुढची बाजू लावावी, कारण तिच्या शेवटी 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' आहे. बँडच्या जॉन बॉनमचे ड्रम एका जुन्या घराच्या जिन्याच्या पायथ्याशी मांडले आणि माइक वर जिन्यात टांगले. तो आवाज घरभर घुमून आल्यासारखा येतो तो त्यामुळे.

त्याच्याही आधी, जानेवारी १९६८मध्ये, बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत काम करून गेला. 'वंडरवॉल म्युझिक'चा मोठा भाग तिथला. अल्बम म्हणून तो मला विस्कळीत वाटतो, चित्रपटासाठी केलेले छोटे छोटे तुकडे आहेत ते. पण त्याच मुक्कामात वाजवून घेतलेलं 'दि इनर लाइट' मात्र अप्रतिम. त्यातली बासरी हरिप्रसाद चौरसियांची. हे गाणंही एका सिंगलच्या मागच्या बाजूलाच निघालं.

पिंक फ्लॉइडचं एवढं कौतुक का? 'डार्क साइड ऑफ द मून' मला झोप आणतो.

झोप आली तर येऊ द्या. दुसऱ्या दिवशी अंधारात, इअरफोन लावून, मध्ये न थांबता ऐका. १९७३चा हा अल्बम गाण्यांचा नाही, एका सलग प्रवासाचा आहे. एकेक गाणं सुटं काढून ऐकलं तर हाती काही लागणार नाही.

पहिल्या बाजूच्या शेवटी 'द ग्रेट गिग इन द स्काय' आहे. क्लेअर टॉरी नावाच्या गायिकेला रविवारी स्टुडिओत बोलावलं आणि सांगितलं, शब्द नाहीत, गा. ती दोन-तीनदा गाऊन घरी गेली. तिला तीस पाउंड मिळाले. आपण ज्याला आलाप म्हणतो तेच ते, फक्त तिच्या वाटेने आलेलं: आधी ओरड, मग हुंदका, मग शेवटी श्वास सोडल्यासारखं शांत होणं. गाणं बांधण्यातला तिचा वाटा कागदावर यायला २००५ साल उजाडलं, तेही तिने दावा लावल्यावर. याचा राग मला अजून आहे.

बाजू उलटली की 'मनी', सात मात्रांत. रूपक ताल अंगवळणी पडलेल्या कानाला त्यात अडखळायला होत नाही. सॅक्सोफोन सातातच वाजतो. गिटार सुरू होताना सगळे चारात येतात. पुढे 'अस अँड देम'पासून शेवटपर्यंत जे आहे त्याला मी हात जोडते.

तरीही मला जास्त जवळचा आहे 'विश यू वेअर हिअर', १९७५. सिड बॅरेट हा त्यांचा मूळ म्होरक्या मानसिक आजारामुळे बँडबाहेर गेला होता. त्याच्यावरच्या 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चं काम चालू असताना, ५ जून १९७५ला, तो अचानक स्टुडिओत येऊन उभा राहिला. अंगाने सुटलेला, डोकं आणि भुवया भादरलेल्या. सोबत्यांनी त्याला आधी ओळखलंच नाही. हे कळल्यापासून त्या अल्बमचे शेवटचे सूर मला दुसरं काही करत असताना ऐकवत नाहीत.

'द वॉल' (१९७९) अर्धा हवा होता. दोन एलपी, चार बाजू, आणि त्यात तिसऱ्या बाजूच्या शेवटचं 'कम्फर्टेब्ली नम्ब' सोडलं तर एकसुरी तक्रार फार.

ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया'?

गाणं थोर आहे. शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या दोन गिटारी आधी आळीपाळीने आणि मग हातात हात घालून जातात, तो भाग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कितीही वेळा ऐकून झिजलेला नाही. अल्बम (डिसेंबर १९७६) मात्र गाण्याएवढा मोठा नाही. मधली दोन-तीन गाणी नीटनेटकी आहेत, एवढंच. पण शेवटचं 'द लास्ट रिसॉर्ट' चुकवू नका. माणसं चांगल्या जागेच्या शोधात पश्चिमेकडे सरकत जातात आणि पोचतील ती जागा संपवत जातात, अशी ती सात मिनिटांची हकीकत आहे. लोणावळ्याचा डोंगर आज पाहताना मला तेच गाणं आठवतं.

'थ्रिलर' की 'ऑफ द वॉल'?

मन 'ऑफ द वॉल' (१९७९) म्हणतं. त्यात मायकल जॅक्सन वीस वर्षांचा आहे आणि आनंदाने गातोय, पुढे तो तसा फार थोडा गायला. पण माझ्याच निकषावर 'थ्रिलर' (१९८२) जिंकतो. त्याच्या नऊ गाण्यांपैकी सात सिंगल म्हणून निघाली, हे सगळे सांगतात. मी सांगते ती दुसरी बाजू: 'बीट इट', 'बिली जीन', 'ह्यूमन नेचर' ओळीने. पहिल्या बाजूला बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीबरोबरचं 'द गर्ल इज माइन' आहे, आणि ते दोघांच्याही लौकिकाला शोभत नाही.

'ह्यूमन नेचर' अल्बममध्ये कसं आलं ते ऐकण्यासारखं आहे. अल्बमचे निर्माते क्विन्सी जोन्स यांच्याकडे टोटो बँडच्या डेव्हिड पेचने आपल्या गाण्यांची एक कॅसेट पाठवली होती. ती वाजत राहिली, यंत्राने आपोआप बाजू बदलली, आणि पलीकडे स्टीव्ह पोर्कारोने स्वतःसाठी कच्चं म्हणून ठेवलेलं एक गाणं सुरू झालं. क्विन्सींना हवं होतं ते तेच निघालं. जोन्स बाजू संपल्यावर उठून गेले असते तर ते गाणं आपल्याला मिळालंच नसतं.

फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकला. आपण क्वीनला आपलं मानायला हवं ना?

फारुख बलसारा झांझिबारच्या पारशी घरातला, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत राहून शिकला, तिथेच 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. हे सगळं खरं आणि अभिमान वाटावा असंच. पण ऐकताना पाचगणी बाजूला ठेवावी. तो गातो म्हणून ऐकायचं.

'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा' (१९७५) घ्या. पहिली बाजू धावपळीची आहे, एक धड ऐकेपर्यंत दुसरं काहीतरी समोर येतं. दुसऱ्या बाजूला मात्र आठ मिनिटांचं 'द प्रॉफेट्स साँग' आहे, ज्यात फ्रेडीचा एकट्याचा आवाज टेपच्या उशिराने स्वतःलाच पुन्हा पुन्हा भेटतो. त्याला लागूनच 'लव्ह ऑफ माय लाइफ', हार्प बँडच्याच ब्रायन मेने वाजवलेला. आणि मग 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', आवाजावर आवाज चढवत टेप झिजेपर्यंत केलेलं. या क्रमाने ऐकलं की ते गाणं चमत्कार म्हणून नाही, तर बाजूभर चढत आलेल्या तापाची परिसीमा म्हणून येतं. क्वीनचे बाकीचे बहुतेक अल्बम मला अर्धेमुर्धे वाटतात. त्यांच्यासाठी १९८१चा 'ग्रेटेस्ट हिट्स' पुरे.

मॅडोनाने संस्कृत श्लोक म्हटलाय तो तुम्हाला खटकत नाही?

उच्चार खटकतात. 'रे ऑफ लाइट' (१९९८) मधल्या त्या 'शांती/अष्टांगी'ची सुरुवात शंकराचार्यांच्या योगतारावलीची आहे, 'वन्दे गुरूणां चरणारविन्दे'. शाळेत पाठांतराला बसलेल्या कोणालाही ते सैल वाटेल. पण त्यासाठी अल्बम टाकू नका. त्याच्या उत्तरार्धात 'फ्रोझन' आहे आणि अगदी शेवटी 'मेर गर्ल', लहानपणी गेलेल्या आईबद्दल, जवळजवळ कुजबुजीत. मॅडोनाकडून मला त्याची अपेक्षा नव्हती.

'ब्रदर्स इन आर्म्स' सगळ्या इंजिनियर मंडळींना एवढा का आवडतो?

कारण आवाज स्वच्छ आहे. डायर स्ट्रेट्सने १९८५मध्ये तो डिजिटल यंत्रावर केला, आणि सीडी ही नवी वस्तू घराघरात नेण्यात त्याचा मोठा वाटा आहे. 'मनी फॉर नथिंग' मला आता ऐकवत नाही. पण दुसरी बाजू, 'राइड अक्रॉस द रिव्हर'पासून शेवटपर्यंत, बहुतांशी युद्धाबद्दलची आहे आणि त्यांचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लर तिथे आवाज जराही चढवत नाही.

यात माझी एक दुखरी गोष्ट आहे. स्टेशनजवळ एक दुकानदार नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर एलपी भरून द्यायचा. पंचेचाळीस मिनिटांच्या एका बाजूला एक अख्खा अल्बम. 'ब्रदर्स इन आर्म्स'ची एलपी त्याहून दोन-तीन मिनिटं जास्त आहे. त्याने ते सांगितलं नाही, कॅसेटही बदलली नाही. शेवटच्या गाण्यात नॉफ्लर गाऊन थांबतो, गिटार एकटी पुढे निघते, आणि आमची टेप तिथे संपायची. खटक. मी अकरावी-बारावीची दोन वर्षं ते गाणं तेवढंच ऐकलं. पुढचं काय असेल ते मी मनातल्या मनात वाजवून पुरं करायचे. नोकरी लागल्यावर काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन सीडी घेतली आणि त्या रात्री पहिल्यांदा ती गिटार शेवटपर्यंत ऐकली. ती कुठे पोचत नाही, हळूहळू दूर जाते. मी वाजवलेल्यापेक्षा कितीतरी साधी होती.

नेरूळला यू टू ऐकायला गेला होता ना? 'जोशुआ ट्री' कसा वाटतो?

गेले होते. १५ डिसेंबर २०१९, डी. वाय. पाटील स्टेडियम, आणि त्या दौऱ्यात ते १९८७चा हा अख्खा अल्बम क्रमाने वाजवत होते. पहिली तीन गाणी होईपर्यंत सगळं मैदान उभं होतं. 'रेड हिल मायनिंग टाउन' येईपर्यंत माझ्या रांगेतली निम्मी माणसं गप्पांना लागली होती.

याचं कारण अल्बमच्या बांधणीतच आहे. गाण्यांचा क्रम कर्स्टी मॅकॉल या गायिकेने लावला. पहिलं आणि शेवटचं गाणं बँडने ठरवून दिलं होतं, बाकीची तिने स्वतःच्या आवडीच्या क्रमाने मांडली. म्हणजे गाजण्याजोगं सगळं पुढे आलं. मला मागचं आवडतं. 'वन ट्री हिल' हे त्यांच्या ग्रेग कॅरोल या न्यूझीलंडच्या माओरी सहकाऱ्यासाठी आहे, जो डब्लिनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला. शेवटचं 'मदर्स ऑफ द डिसअपिअर्ड' लॅटिन अमेरिकेत लष्करी राजवटींनी नाहीशा केलेल्या मुलांच्या आयांचं. त्या रात्री ते सुरू झालं तेव्हा शेजारची एक अनोळखी मुलगी रडत होती. आम्ही काही बोललो नाही. मी तिच्याकडे पाण्याची बाटली सरकवली.

निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड'?

पहिली बाजू विजेसारखी, दुसरी उतरती. शेवटचं 'समथिंग इन द वे' सोडून. निर्वाणाच्या कर्ट कोबेनचं ऐकायचं असेल तर 'इन यूटेरो' (१९९३) आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेला 'अनप्लग्ड'चा, म्हणजे साध्या, बिनविजेच्या वाद्यांचा कार्यक्रम ऐका. त्या कार्यक्रमातल्या चौदा गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची आहेत, आणि तरी ती सगळी त्याचीच वाटतात.

बायकांचे अल्बम तुमच्या यादीत कमी का?

कमी नाहीत. कोणी विचारत नाही म्हणून शेवटी राहतात, हे माझं दुःख आहे. जोनी मिचेलचा 'ब्लू' (१९७१) या सगळ्या यादीत पहिल्या तीनांत. एक आवाज, एक पियानो किंवा गिटार, काही गाण्यांत मांडीवर घेऊन वाजवायचं डल्सिमर, आणि जवळजवळ दुसरं काही नाही. 'लिटल ग्रीन' ही तिने एकवीस वर्षांची असताना दत्तक दिलेल्या मुलीची गोष्ट आहे. अल्बम निघाला तेव्हा लोकांना हे माहीत नव्हतं. मायलेकी १९९७मध्ये पुन्हा भेटल्या. दुसऱ्या बाजूला 'रिव्हर' आहे: पियानोवर नाताळचं सर्वांच्या ओळखीचं गाणं वाजतं, पण ते उदास होत जातं. लगेच पुढे 'अ केस ऑफ यू'. या दोन गाण्यांच्या मध्ये मी कोणाला बोलू देत नाही.

नव्यांपैकी कोण? आणि फोनवर अल्बम ऐकायचा कसा?

ॲडेलचा '२१' (२०११), ज्याच्या सर्वांत मोठ्या गाण्यांपैकी एक, 'समवन लाइक यू', अगदी शेवटी ठेवलंय. हे धैर्य मला आवडलं. टेलर स्विफ्टचा 'फोकलोर' (२०२०) चार गाण्यांनी लांब आहे, पण त्याचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून खोल. कोल्डप्लेचा 'अ रश ऑफ ब्लड टू द हेड' (२००२) ऐका, नंतरचे नाही ऐकले तरी चालेल.

फोनवर गाणी उलटसुलट लावणारं शफल बंद करा. दोन गाण्यांमध्ये खंड पडू न देणारी सोय सेटिंगमध्ये असते, ती सुरू करा. २०२१मध्ये ॲडेलच्या सांगण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं आपोआप शफल होणारं बटण काढलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

सगळ्यात आवडती दुसरी बाजू?

'अ‍ॅबी रोड', १९६९. बीटल्सच्या चौघांनी मिळून ध्वनिमुद्रित केलेला हा त्यांचा शेवटचा अल्बम, आणि तेव्हा त्यांचं आपसात पटत नव्हतं. बाजू हॅरिसनच्या 'हिअर कम्स द सन'ने उघडते. मग 'बिकॉज', तिघांचे आवाज तीन वेळा चढवून नऊ केलेले. तिथून पुढे अर्धीमुर्धी राहिलेली गाणी एकात एक ओवत नेलेली. 'दि एंड'मध्ये रिंगो पहिल्यांदा आणि शेवटचं एकट्याने ड्रम वाजवतो. त्यानंतर मॅकार्टनी, हॅरिसन, लेनन आळीपाळीने गिटार वाजवतात, एकेकाच्या वाट्याला दोन दोन आवर्तनं. कोण कधी आलं ते मी आता डोळे मिटून सांगू शकते. लेनन शेवटी येतो आणि ओरबाडल्यासारखा वाजवतो.

मग शांतता, चौदाएक सेकंदांची. आणि अचानक 'हर मॅजेस्टी', अर्ध्या मिनिटाचंही नाही असं गाणं. ते मूळ मधल्या गाण्यांमध्ये होतं. मॅकार्टनीला तिथे आवडलं नाही, काढून टाका म्हणाला. पण स्टुडिओत टेपचा कुठलाही तुकडा फेकायचा नाही असा नियम होता. म्हणून जॉन कर्लँडर या तंत्रज्ञाने ते सर्वांत शेवटी कोऱ्या टेपनंतर चिकटवून ठेवलं, आणि ऐकल्यावर सगळ्यांना ते तिथेच आवडलं. कापताना त्याचा शेवटचा स्वर मात्र पुढच्या गाण्याकडे राहून गेला. त्यामुळे ते संपत नाही, तुटतं.

मी हा अल्बम पहिल्यांदा पूर्ण ऐकला तो सीडीवर, स्वतःच्या पगारातून घेतलेल्या. तो शेवट आला आणि माझा हात आपोआप टेपरेकॉर्डरच्या बटणाकडे गेला, जे त्या यंत्राला नव्हतंच. स्टेशनजवळच्या त्या दुकानासारखंच इथेही कोणीतरी कापलं असं वाटून मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "नाही गं, ते तेवढंच आहे." मी परत लावलं, फक्त ती शांतता आणि ते तेवीस सेकंद, रात्री साडेअकरा वाजता, आवाज अगदी बारीक करून.